साखर, दास्यमुक्ति आणि कोंकणांतील मजूर

शाळेंत इंग्लंडचा इतिहास शिकवितांना आम्ही मुलांस सांगत आलों कीं, विल्बरफोर्सच्या दयाबुद्धीनें इ. स. १८०७ मध्यें गुलामांचा व्यापार बंद झाला. पुढें समजलें कीं, विद्वानांत याविषयीं मोठा वाद आहे. रॅगॅट्झ यांनीं १९२८ मध्यें व एरिक विल्यम्स यांनीं १९४४ मध्यें प्रतिपादिलें कीं, वेस्ट इंडीज बेटांतील ऊंसमळ्यांस उतरती कळा लागली, म्हणूनच त्या व्यापाराचा आधार तुटला. उलट ड्रेशर यांनीं १९७७ मध्यें दाखविलें कीं, १७९१ मध्यें फ्रेंच अमलांतील सेंट डोमिंगो (आतांचें हैती) येथें गुलामांनीं बंड केल्यावर फ्रेंचांची साखर मागें पडली व इंग्रजी बेटांची भरभराटच झाली. ऱ्हास आला तो बंदीनंतर.

हा वाद परक्यांचा म्हणून सोडून देतां येत नाहीं. साखर व दास्य यांच्या संबंधाचा एक पुरावा आमच्या कोंकणी माणसांच्या आयुष्यांत सांपडतो. तो मॉरिशसचा.

हें बेट इंग्रजांनीं १८१० मध्यें फ्रेंचांपासून घेतलें. १८२५ मध्यें तेथील साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी करण्यांत आली आणि ऊंसाची लागवड झपाट्यानें वाढली. १ फेब्रुवारी १८३५ रोजीं तेथील गुलाम कायद्यानें मुक्त झाले, तेव्हां तेथील साखर बुडत नव्हती, चढत होती. साम्राज्यांतील मालकांस मिळून दोन कोटि पौंड भरपाई ठरली. गुलामांस एक छदामही नाहीं. उलट 'उमेदवारी'च्या नांवाखालीं मॉरिशसमध्यें त्यांस आणखी चार वर्षें राबावें लागलें.

मुक्त झालेले लोक मळ्यांकडे पाठ फिरवूं लागले. त्यांची जागा भरण्यास हिंदुस्थानांतून करारी मजूर नेण्याचा आरंभ १८३४ मध्येंच झाला होता. बहुतेक कलकत्त्याहून गेले, थोडे मुंबईहून. त्यांत रत्नागिरीकडील मराठी लोक बरेच होते. महिना पांच रुपये पगार, पांच वर्षांचा करार, आणि एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापला जाई. या करारास लोक 'गिरमिट' म्हणत. नारदस्मृतींत दासांचे पंधरा प्रकार सांगितले आहेत. त्यांत ठराविक मुदतीपुरता दास झालेलाही आहे, व मुदत भरतांच तो सुटतो. स्मृतिकारानें त्यास दासच म्हटलें. इंग्रज कारकुनानें नांव तेवढें बदललें. मॉरिशसपुरतें तरी, ऱ्हासामुळें दास्य गेलें असें मला म्हणवत नाहीं. भरभराटीनेंच त्याच्या जागीं दुसरें बंधन आणलें.

आपला वाडाही यांत निष्कलंक नव्हता. पेशवे दप्तरांतील कागदांत कुणबिणींच्या खरेदीविक्रीच्या नोंदी आहेत, आणि १८३३ च्या दास्यमुक्तीच्या कायद्यांतून कंपनीचा मुलूख वगळलेला होता. येथील कायदा १८४३ चा. नामदार गोखले यांनीं गिरमिटपद्धति बंद करण्याचा ठराव १९१२ मध्यें व्हाइसरॉयच्या कौन्सिलांत मांडला, तो फेटाळला गेला.

आमचें गागोदे बुद्रुक विनोबांचें जन्मगांव म्हणून सर्वांस ठाऊक आहे. पण ज्यांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत, अशा मजुरांच्या नोंदी मॉरिशसमधील मोका येथें महात्मा गांधी संस्थेंत जपलेल्या आहेत. त्यांत माणसाचें नांव, बापाचें नांव, वय, जात व गांव लिहिलेलें आढळतें. सनदा व महजर यांच्या शोधांत आयुष्य घालविणाऱ्या आमच्या मंडळींनीं मुंबई बंदरांतून गेलेल्यांच्या नोंदी उतरून घ्याव्या. पेण, रोहें व अलिबाग येथील गांवांची नांवें त्यांत आलीं, तर तीं ओळखण्यास येथें माणसें आहेत.