चौकाचौकांतून धावणारे आकडे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

जयसिंगपूर हे आखून वसवलेलं गाव. राजर्षी शाहू महाराजांनी आपले जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं ते वसवलं. सरळ रस्ते, काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या आणि प्रत्येक चौकातून फुटणाऱ्या चार वाटा. १९९१ साली पुण्यात तयार झालेला ‘परम ८०००’ हा महासंगणक समजून घ्यायला हा नकाशा फार उपयोगी पडतो.

परमची गोष्ट आपण ऐकलेली असते. अमेरिकेनं हवा तेवढ्या ताकदीचा क्रे महासंगणक दिला नाही, म्हणून १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था निघाली आणि अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याच्या डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली तीन वर्षांत आपला महासंगणक उभा राहिला. ऊर भरून येतो, आणि यावाच. पण त्यातली चिप आपली नव्हती. ती इन्मॉस या ब्रिटिश कंपनीची ‘ट्रान्सप्युटर’. अनेक चिपांना एकमेकींशी बोलायला लावून एक मोठं काम उरकून घेणं, ही आपली कमाई. माझ्या मते अवघड भागही तोच होता.

हवामानाचं गणित घ्या. नकाशाचे तुकडे करून एकेक तुकडा एकेका प्रोसेसरला दिला. पण जयसिंगपूरचा पुढचा तास काढायचा तर शेजारच्या सांगलीचे, इचलकरंजीचे आत्ताचे आकडे हवेत. ते येईपर्यंत जयसिंगपूरचा प्रोसेसर, कितीही वेगवान असला तरी, हात बांधून बसणार. बरं, तुकडे लहान करून प्रोसेसर वाढवावेत, तर निराळीच पंचाईत. २० बाय २० बिंदूंच्या तुकड्यात ४०० पैकी ७६ बिंदू हद्दीवर असतात. ५ बाय ५ च्या तुकड्यात २५ पैकी १६! काम कमी होतं, पण त्या मानानं निरोपांचा व्याप वाढतो.

प्रत्येक ट्रान्सप्युटरला चारच दुवे. शेजाऱ्याशी थेट बोलता येई, पण देणारा आणि घेणारा दोघंही तयार असल्याशिवाय निरोप हलत नसे. ट्रंक कॉल लावून ताटकळलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. लांबचा निरोप चौकाचौकांतून जाई. ८ बाय ८ अशी ६४ प्रोसेसरांची मांडणी धरली, तर एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायला १४ टप्पे. मधल्या प्रत्येकाला हातातलं काम थांबवून दुसऱ्याचं टपाल पुढं ढकलावं लागे. म्हणून परममध्ये कामाप्रमाणे दुव्यांची जोडणी बदलायची सोय ठेवली होती. ज्यांचं बोलणं जास्त, ते शेजारी.

पुढं ट्रान्सप्युटर मागं पडला. १९९८ च्या ‘परम १००००’ मध्ये वेगळ्याच कंपनीचे प्रोसेसर आले, पण त्यांना जोडायला सी-डॅकनं स्वतःचं ‘परमनेट’ हे जाळं बनवलं. प्रोसेसर बाजारात मिळत होते. जाळं विणायचं कसं, हे पुण्यात शिकून झालं होतं. त्याच जाळ्याच्या दुसऱ्या आवृत्तीवर ‘परम पद्म’चे २४८ प्रोसेसर एकमेकांशी बोलत होते, आणि जून २००३ च्या जागतिक यादीत त्याचा क्रमांक १७१ वा लागला.