घरच्या पडद्यावरचा ख्रिस्त

भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेत एका ख्रिस्तपटाचा वाटा आहे, ही गोष्ट आपल्या घरांतून फारशी सांगितली जात नाही. १९१०-११ च्या सुमारास मुंबईतील गिरगावात, ‘अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस’ या थिएटरात धुंडिराज गोविंद फाळके यांनी प्रभू येशूच्या जीवनावरील एक परदेशी मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्तचरित्र सरकत होते आणि फाळक्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम-कृष्ण उभे राहत होते. ही हकीकत त्यांनी स्वतःच १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात लिहून ठेवली आहे. पुढे ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या एका ब्राह्मणाने ख्रिस्तपट पाहून आपले देव पडद्यावर आणले. मग तेच ख्रिस्तपट पाहून आम्हा मराठी ख्रिस्ती माणसांच्या हाती काय लागले, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. कारण आम्ही ते पाहिले पुष्कळ उशिरा, आणि बहुतांशी घरातल्या लहान पडद्यावर.

शिरूर तालुक्यातील केंदूर हे गाव घ्या. संत कान्होराज पाठकांचे हे गाव; शेजारीच पाबळ. भोवतालचा सारा मुलूख कोरडवाहू, पावसाकडे डोळे लावून बसणारा. या भागातील माणसाला देव प्रथम कानांनी भेटला, तो कीर्तनातून, भजनातून, भारुडातून. आमच्या पूर्वजांचीही स्थिती निराळी नव्हती. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले ते ओवीबद्ध, म्हणजे मोठ्याने म्हणण्यासाठी आणि ऐकण्यासाठी. प्रभूचे दुःखसहन आम्ही तीन-साडेतीन शतके प्रामुख्याने ऐकत आलो होतो. देवळातील मूर्ती आणि क्रूसमार्गाची चौदा चित्रे होती, पण ती स्थिर. मुखावरचे भाव ज्याचे त्याने मनात भरून घ्यायचे असत.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे पुणे परिसरात चित्रे दिसू लागली. त्यापूर्वी १९७१ मध्ये जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे उपग्रह-दळणवळणाचे भू-केंद्र उभे राहिले होते. म्हणजे जगाशी उपग्रहाने जोडणारी ताटली आमच्या जिल्ह्याच्या शेतांत आधी आली आणि गावातील दूरचित्रवाणी संच मागाहून! दूरदर्शनवर इंग्रजी चित्रपट क्वचितच लागे. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅसेट आल्या आणि प्रायश्चित्तकालात ‘टेन कमांडमेंट्स’ वा ‘बेन-हर’ भाड्याने आणून, खोलीभर माणसे जमवून पाहण्याची चाल पडली. १९९१ नंतर उपग्रहवाहिन्या आल्या. १९९५ पासून दिवसा व्यंगपट दाखवणारी एक वाहिनी रात्री ‘टी.एन.टी.’ या नावाने हॉलिवूडचे जुने चित्रपट दाखवू लागली. मुले झोपली की वडीलधाऱ्यांची पाळी, असा तो प्रकार होता.

त्याच त्या चित्रपटांचे दर्शन पुनःपुन्हा का घडे, यामागे भक्ती नव्हती, व्यवहार होता. अमेरिकेत दूरचित्रवाणी आली तेव्हा बड्या चित्रसंस्थांनी तिला वैरीण मानले आणि आपले चित्रपट बराच काळ तिच्या हाती दिले नाहीत. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास ही अढी सुटली. ३ नोव्हेंबर १९५६ रोजी ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ अमेरिकन घरांत दिसला. ‘बेन-हर’ १४ फेब्रुवारी १९७१ रोजी दिसला. १९८६ साली टेड टर्नर यांनी एम.जी.एम. या संस्थेचा जुना चित्रसंग्रह विकत घेतला. ‘बेन-हर’, ‘को वादिस’ (१९५१), ‘किंग ऑफ किंग्ज’ (१९६१) हे सारे त्या संस्थेचेच, आणि टी.एन.टी. ही वाहिनी टर्नर यांचीच. कोठाराची किल्ली ज्याच्या हाती, त्याचे धान्य जगाने खावे, असा हा न्याय. फ्रँक काप्रा यांच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ची (१९४६) गोष्ट तर आणखी मौजेची. १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण करायचे राहून गेले. मग अमेरिकेतील कोणतेही केंद्र तो फुकट दाखवू लागले आणि प्रदर्शनाच्या वेळी फारसा न चाललेला चित्रपट नाताळाचा सोबती होऊन बसला. त्यातील औषधविक्रेत्याची भूमिका करणारे एच. बी. वॉर्नर हे १९२७ च्या मूक ‘किंग ऑफ किंग्ज’मध्ये प्रभू येशू झाले होते, हे जाणून पाहिले तर त्या प्रसंगाची गोडी वाढते.

पण वाद रंगतो तो ‘बेन-हर’वर. १९५९ च्या या चित्रपटाला अकरा ऑस्कर मिळाली. विल्यम वायलर यांनी त्यात ख्रिस्ताचा चेहरा एकदाही दाखवलेला नाही. पाठमोरी आकृती, हात, केस, आणि समोरच्या माणसाच्या मुद्रेवर उमटणारा परिणाम, बस्स. ही भूमिका क्लॉड हीटर या ऑपेरा गायकाने केली आणि नामावलीत त्याचे नावही नाही. या संकोचाला परंपरा आहे. ल्यू वॉलेस यांच्या १८८० च्या कादंबरीवरून १८९९ मध्ये नाटक झाले तेव्हा ख्रिस्त म्हणून रंगमंचावर केवळ प्रकाशझोत सोडला होता. ब्रिटनच्या चित्रपट-परीक्षण मंडळाने तर १९१३ पासून प्रभूची आकृती पडद्यावर आणण्यासच मनाई केली होती.

तरुण मंडळींना हा लपंडाव वाटतो. त्यांचे म्हणणे असे की, शब्द देही झाला हाच आपला विश्वास असेल तर देह दाखवण्यात संकोच कसला? वडील मंडळी म्हणतात, नटाचा चेहरा एकदा डोळ्यांत बसला की प्रार्थनेच्या वेळी तोच पुढे येतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, परंतु आमचा कल वडिलांकडे आहे. १९६१ च्या ‘किंग ऑफ किंग्ज’मध्ये जेफ्री हंटर यांचे निळे डोळे वारंवार पडदाभर दिसतात. फ्रँको झेफिरेल्ली यांच्या ‘जीझस ऑफ नाझरेथ’मधील (१९७७) रॉबर्ट पॉवेल यांची न मिटणारी नजर अभिनय म्हणून अजोड आहे, पण तिचेही डोळे निळेच. आमच्या कित्येक घरांत ख्रिस्ताचा चेहरा म्हणून हीच मुद्रा घट्ट बसली. १९७८ च्या ‘करुणामयुडु’ या तेलुगू चित्रपटाची हिंदी आवृत्ती ‘दयासागर’ आली, तेव्हा विजयचंदर यांचा ख्रिस्त पाहून ‘हा आपल्यासारखा दिसतो’ असे कोणी कौतुकाने म्हणत, तर कोणी तक्रारीच्या सुरात! तीच उक्ती दोन सुरांत निघावी, यातच साऱ्या वादाचे मर्म आहे. नासरेथच्या सुताराचा वर्ण तेथल्या उन्हातला होता. तो कॅलिफोर्नियाचा नव्हता आणि पुण्याचाही नव्हता.

‘बेन-हर’मधील एक प्रसंग मात्र या वादाच्या पलीकडचा आहे. साखळदंडांनी बांधलेल्या कैद्यांची रांग नासरेथला थांबते. सर्वांना पाणी मिळते, पण ज्यूडाला देऊ नये अशी रोमन अधिकाऱ्याची आज्ञा असते. तो कोसळतो, देवाचा धावा करतो, आणि एक हात त्याच्या ओठांशी पाणी नेतो. अधिकारी ओरडत पुढे येतो, त्या माणसाच्या मुखाकडे पाहतो आणि निमूटपणे मागे सरतो. ख्रिस्ताच्या तोंडी एकही संवाद नाही. ज्या तालुक्याने टँकरची वाट पाहत उन्हाळे काढले, तेथे हा प्रसंग समजायला इंग्रजी यावे लागत नाही. रथांच्या शर्यतीची वाहवा सगळे जग करते. आमच्या मते चित्रपट उभा आहे तो या पाण्यावर. पुढे क्रूसाच्या वाटेवर ज्यूडा प्रभूला पाणी देऊ पाहतो, त्या क्षणाला बळ येते तेही इथूनच.

या चित्रपटाची खरी हानी लहान पडद्याने केली. त्याच्या चौकटीची रुंदी उंचीच्या पावणेतीन पटींहून किंचित अधिक, तर जुन्या दूरचित्रवाणी संचाची जेमतेम सव्वापट-दीडपटीच्या मधली. पडदा पूर्ण भरायचा तर निम्म्याहून अधिक चित्र कापावे लागे. शर्यतीतील चार घोड्यांपैकी दोन गायब! काळ्या पट्ट्या ठेवून पूर्ण चित्र दाखवले, तर संच बिघडला म्हणून तक्रार. त्याच सुमारास टर्नर यांनी कृष्णधवल चित्रपटांना संगणकाने रंग चढवण्याचा उद्योग आरंभला. अनेक दिग्दर्शक संतापले आणि त्या वादातूनच १९८८ मध्ये अमेरिकेत चित्रपट-जतनाचा कायदा झाला. आपल्याकडे पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासूनच अस्तित्वात होते, हे येथे अभिमानाने नोंदवावेसे वाटते.

जुने हॉलिवूड सहकुटुंब पाहता येते, असे आपल्याकडे म्हटले जाते. हा योगायोग नव्हे. नवरा-बायकोच्या खाटाही वेगळ्या ठेवणारी ती आचारसंहिता १९३० साली तयार झाली. तिचे कर्ते होते अमेरिकन जेज्विट फादर डॅनिअल लॉर्ड आणि कॅथलिक प्रकाशक मार्टिन क्विग्ले. १९३४ पासून तिची कडक अंमलबजावणी झाली, ती १९६८ पर्यंत टिकली. पोप पायस अकरावे यांनी १९३६ च्या ‘विजिलांती कूरा’ या विश्वपत्रात, अनिष्ट चित्रपटांवर बहिष्काराची शपथ घेणाऱ्या अमेरिकन कॅथलिकांची प्रशंसा केली. पायस बारावे यांनी १९५७ च्या ‘मिरांदा प्रॉर्सस’मध्ये दूरचित्रवाणीचाही विचार केला आणि संत क्लारा हिला या माध्यमाची आश्रयदाती ठरवले, आजारपणामुळे खोलीबाहेर पडू न शकलेल्या क्लाराला नाताळची मिस्सा भिंतीवर दिसली, अशी आख्यायिका आहे. त्या संहितेने गलिच्छपणा रोखला, हे खरे. परंतु गोऱ्या-काळ्यांचा विवाहसंबंध दाखवण्यासही तिने बंदी घातली होती. गालातील वेदीसमोर सर्वांना एक मानणाऱ्या धर्माच्या नावाने हे घडले, ही बाब आम्हाला डाचते.

दोषारोपाचा प्रश्न याहून गंभीर आहे. १९२७ च्या ख्रिस्तपटावर यहुदी संघटनांनी आक्षेप घेतले. प्रभूच्या मृत्यूचे खापर एका संपूर्ण समाजावर फुटते, अशी त्यांची तक्रार होती. सेसिल डिमिल यांना काही बदल करावे लागले. ख्रिस्तसभेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात हा सामूहिक दोषारोप स्पष्टपणे नाकारला. त्यापूर्वीचे चित्रपट घरात लागतात तेव्हा मुलांना एवढे तरी सांगायला हवे. डिमिल यांचाच ‘टेन कमांडमेंट्स’ नोव्हेंबर १९५६ मध्ये प्रदर्शित झाला. त्याआधी महिनाभरच, १४ ऑक्टोबरला, नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला होता. गुलामीतून बाहेर पडणाऱ्या समाजाची कथा आमच्यातील अनेक कुटुंबांना डिमिल यांच्या समुद्रापेक्षा जवळून ठाऊक आहे. दुभंगलेला समुद्र पाहताना आजोबा गप्प होतात, ते केवळ चमत्काराने दिपून नव्हे.

१९९५ मध्ये चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने ४५ चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. धर्म, मूल्ये आणि कला, प्रत्येकी पंधरा. तीत ‘बेन-हर’ आहे, थॉमस मोर यांच्यावरील ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’ (१९६६) आहे. ‘टेन कमांडमेंट्स’ नाही. अ‍ॅटनबरो यांचा ‘गांधी’ (१९८२) मात्र आहे. शिरूरहून पुण्यास येताना वाटेत लागणारा, कस्तुरबांनी देह ठेवला तो आगाखान महाल त्या कथेत आहे. आणि पिएर पाओलो पासोलिनी यांचा ‘मत्तयकृत शुभवर्तमान’ (१९६४) आहे. पासोलिनी मार्क्सवादी. त्यांनी ख्रिस्त म्हणून एक स्पॅनिश विद्यार्थी घेतला, वृद्ध मरियेची भूमिका स्वतःच्या आईला दिली, संवाद मत्तयाच्या बाहेरचे घेतले नाहीत आणि चित्रपट पोप योहान तेविसावे यांच्या स्मृतीला अर्पण केला. त्यात रथ नाहीत, दुभंगणारा समुद्र नाही. दक्षिण इटलीच्या उघड्या माळावर रापलेल्या चेहऱ्यांची शेतकरी माणसे प्रभूचे बोलणे ऐकत उभी आहेत. तो माळ आणि ती माणसे केंदूर-पाबळच्या शिवारात सहज खपली असती. हा चित्रपट आपल्या धर्मग्रामांतून फारसा कोणी पाहिलेला नाही.