गाडीवानाची निवड

सोलापूर स्टेशनवर उतरून सात रस्त्याला जायचं, तर आज आपण मोबाईल काढतो. गाडीवाल्याचं नाव, फोटो पडद्यावर येतो. आपण त्याला निवडतो, तोही आपलं भाडं घ्यायचं की नाही ते ठरवतो. ही निवड नवी वाटते, पण तिचा इतिहास जुना आहे.

१९०१ साल. दहा वर्षांचा भीमराव घरातल्या मुलांबरोबर वडिलांकडे गोरेगावला निघाला आणि सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनवर उतरला. कपडे चांगले, जवळ पैसे. भाड्याच्या बैलगाड्याही उभ्या होत्या. स्टेशनमास्तरनं विचारलं, तुम्ही कोण? मुलांनी जात सांगितली. ती गाडीवानांच्या कानावर गेली आणि एकही गाडी मिळेना. शेवटी एक तयार झाला, तोही दुप्पट भाड्यावर. बैल मुलांनीच हाकायचे, तो पायी चालणार!

१९२९ मध्ये चाळीसगावला पुन्हा तेच. आता ते बॅरिस्टर होते, सरकारी समितीचे सदस्य होते. टांगेवाल्यानं टांगा दिला, पण हाकणार नाही म्हणाला. मग वस्तीतला एक माणूस पुढे बसला, त्याला टांग्याची सवय नव्हती. पुलावर अपघात झाला, बाबासाहेबांच्या पायाचं हाड मोडलं.

हे दोन्ही प्रसंग त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलेत. आता बघा, अंतर लांब आहे म्हणून नकार दिला, तर तो धंद्याचा हिशोब. इथं नकार आला तो प्रवासाशी संबंधच नसलेल्या एका माहितीमुळे.

पुढे १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यानं सार्वजनिक वाहनं, हॉटेलं सगळ्यांना खुली केली. पण मोबाईलवरचा नकार कारण सांगत नाही. अमेरिकेत हार्वर्डच्या संशोधकांनी एअरबीएनबीवर, म्हणजे घरातली खोली भाड्यानं देण्याच्या व्यवस्थेवर, एक प्रयोग केला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पाहुण्यांची माहिती सारखीच, फक्त नावं वेगळी. कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांना होकार साधारण १६ टक्क्यांनी कमी मिळाला. २०१८ मध्ये कंपनीनं ठरवलं, पाहुण्याचा फोटो होकारानंतरच दाखवायचा.

आपल्याकडे फोटो झाकून भागणार नाही, कारण आपल्याकडे आडनावच बोलतं. म्हणून निवड कोणाला आहे एवढंच विचारू नका. निवडण्याआधी समोर काय दाखवलं जातं, तेही विचारा. मसूरला तो प्रश्न स्टेशनमास्तरनं तोंडानं विचारला होता. आज तोच प्रश्न पडदा न विचारता विचारतो.