पडद्यावरचा मर्द

1975 साली ‘दीवार’ आला तेव्हा उल्हासनगरच्या सुभाष टेकडीवरची आम्ही पोरे शर्टाच्या टोकांची पोटावर गाठ मारून हिंडत होतो. निर्वासितांच्या छावणीचे शहर झाले होते आणि त्याच्या कडेला आमच्यासारखी, गाव सोडून पोटामागे आलेली माणसे राहत. बूटपॉलिश करणारा पोर फेकलेले पैसे उचलायला नकार देतो, ते पाहताना माझा बाप खुर्चीत ताठ झाला. गावी त्याची मजुरी वरूनच टाकली जाई. अंबरनाथच्या कारखान्यात पगार हातात मिळे, एवढ्यासाठी त्याने गाव सोडले होते. पडद्यावरच्या विजयचे आडनाव वर्मा आहे, हे आम्हां दोघांच्याही ध्यानात आले नाही.

मराठी पडद्याने तर मर्दपण वतनासारखे वाटून टाकले होते. मिशी, चाबूक, माडी, जीप सगळे पाटलाकडे. ‘सांगत्ये ऐका’ (1959) पुण्याच्या विजयानंदमध्ये शंभरावर आठवडे चालला. त्यात पाटलाच्या अत्याचाराचा जाब तमाशातली पोर फडावरून विचारते. जाब बाई विचारते, ही त्यातली मोठी गोष्ट. पण गावातला आमचा पुरुष त्यात कुठे दिसतो? तो दिसला जब्बार पटेलांच्या ‘सामना’त. दिसला म्हणायचे इतकेच. मारुती कांबळेचे काय झाले, याचा शोध म्हातारा मास्तर घेतो, उत्तर निळू फुल्यांचा हिंदुराव दडवतो, आणि कांबळे मेलेला असतो. त्याआधी श्याम बेनेगलांच्या ‘अंकुर’मध्ये (1974) किष्टय्या जिवंत होता, तर मुका-बहिरा. जमीनदार त्याला चाबकाने फोडतो. शेवटी एक पोर जमीनदाराच्या खिडकीवर दगड मारून पळते.

तो दगड नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (2013) पुन्हा आला. मधे जवळजवळ चाळीस वर्षे गेली. जब्याचा बाप कचरू लाचार आहे, पोरगा लाजरा आहे, काळ्या चिमणीमागे फिरणारा. त्याच्यात मर्दानी असे काही नाही, आणि तरी दगड त्याच्याच हातून सुटतो, तोही थेट आपल्या तोंडावर. आम्हांला विजय वर्मा होण्याची गरज नव्हती, हे मला वयाच्या पन्नाशीनंतर कळले.

2016 मध्ये ‘सैराट’ आला. तेव्हा मी बदलापूरला राहायला आलो होतो. बुलेट आणि ट्रॅक्टर पाटलाच्या पोरीच्या हाती, परशा चिठ्ठ्या लिहिणारा. थिएटरात शिट्ट्या वाजत होत्या. शेवटच्या रक्तावर पुष्कळ लिहिले गेले. मला मात्र हैदराबादची ती थप्पड सुटत नाही. उपाशी, घाबरलेला, हळवा परशा संशयाने आर्चीवर हात उगारतो. हे त्याला कोणी शिकवले? पाटलाच्या वाड्यात तर तो वाढला नव्हता.

फेकलेला पैसा न उचलणारा माझा बाप पगाराच्या रात्री आईला मारीत असे. त्या वेळी मी अंथरुणात डोळे मिटून पडे. पुढे माझाही हात दोनदा उठला. थप्पडेच्या त्या प्रसंगी मागे कोणीतरी हसले. शेजारी बसलेल्या माझ्या मुलीने पडद्यावरची नजर काढून माझ्याकडे पाहिले, आणि मध्यंतरात आणलेला पॉपकॉर्नचा पुडा तिने पुन्हा माझ्यापुढे धरला नाही.