कुड्याच्या सालीची परीक्षा

कोकणात कुड्याच्या कोवळ्या शेंगांची भाजी होते. वैद्यांचा डोळा मात्र त्याच्या सालीवर. आयुर्वेदात कुटज हे अतिसारावरचं आणि रक्ती आवेवरचं नावाजलेलं औषध.

1858मध्ये मुंबईत हेन्स यांनी या सालीतून कोनेसिन हे अल्कलॉइड वेगळं काढलं. तेव्हा आवेमागचा अमीबा कोणाला ठाऊकच नव्हता! तो रशियात ल्योश यांनी 1875मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली टिपला.

1912मध्ये कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी आवेवर एमेटिन या औषधाची सुई पुढे आणली. गुण यायचा, पण हृदयावर ताण पडे. शिवाय एमेटिनची मूळ वनस्पती दक्षिण अमेरिकेची. पुढे कलकत्त्याच्याच स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि सहकाऱ्यांनी घरचा कुडा तपासायला घेतला. त्यातल्या अल्कलॉइडांपासून केलेलं कुर्ची (म्हणजे कुडाच) बिस्मथ आयोडाइड रुग्णांना तोंडावाटे देता येई.

खरी गोम बाजारात होती. औषधी पांढऱ्या कुड्याच्या नावाखाली काळ्या कुड्याची साल खपवली जाई. पहिली जहर कडू, दुसरीत तो कडूपणाच नाही. भेसळीची साल पोटात गेली की गुण येईना आणि बदनामी मात्र खऱ्या कुड्याची होई.

1960च्या दशकात आवेवर मेट्रोनिडाझोल हे औषध आलं आणि इस्पितळांतून कुडा मागे पडला. आयुर्वेदिक दुकानांत कुटजारिष्ट आजही विकलं जातं.