तिखाडीचे तेल

तिखाडी (रोशा गवत; सिंबोपोगॉन मार्टिनी) या सुगंधी गवतापासून काढलेले बाष्पनशील तेल. सुगंधाच्या जागतिक बाजारात ते ‘पामारोझा’ या नावाने विकले जाते. वनस्पतीच्या नावातला ‘मार्टिन’ म्हणजे लखनौचा फ्रेंच सेनाधिकारी क्लॉड मार्टिन (1735–1800).

खानदेशात आणि सातपुड्याच्या माळरानावर हे गवत आपोआप उगवते. पावसाळ्यानंतर ते फुलोऱ्यावर आले की कापतात आणि पाण्याच्या वाफेवर ऊर्ध्वपातन करून तेल काढतात. उतारा ओल्या गवताच्या एक टक्क्याहूनही कमी असतो. गवताचे दोन प्रकार आहेत: कोरड्या, उघड्या उतारांवरचा ‘मोतिया’ आणि ओलसर जागी वाढणारा ‘सोफिया’. दिसायला दोन्ही सारखेच, वासाने मात्र लगेच ओळखू येतात. मोतियाचा वास गुलाबाकडे झुकतो, सोफियाचा उग्र असतो आणि त्याला भावही कमी मिळतो.

मोतिया तेलात साधारण 75 ते 90 टक्के जिरॅनिऑल असते. हाच घटक गुलाबाच्या अत्तरातही असल्याने 19व्या शतकात हे तेल मुंबईहून तुर्कस्तानात जाई आणि तिथे अत्तरात मिसळले जाई. युरोपात त्याला नाव पडले ‘तुर्की जिरेनियम’. माल खानदेशचा, नाव मात्र गिऱ्हाइकाचे! अस्सल गुलाबतेल थंडीत गोठते, तिखाडीचे गोठत नाही, त्यामुळे भेसळ फार झाली की ती पकडली जाई.

आज ते साबण, अत्तरे व सौंदर्यप्रसाधनांत वापरतात. डास दूर ठेवण्यासाठीही त्याचा उपयोग होतो. सांधेदुखीवर ते चोळण्याची जुनी रीत आहे. आराम तेलाचा की चोळण्याचा, हे ठरवणे अवघड.

जिरॅनिऑलमुळे काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते. युरोपीय संघाच्या नियमानुसार त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनात ते 0.001 टक्क्याहून अधिक असल्यास वेष्टनावर त्याचे नाव छापावे लागते. हे तेल निव्वळ लावू नये. मोठ्या माणसांसाठी 100 मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात सुमारे 2 मिली पुरते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून दिवसभर वाट पाहावी. डोळ्यांत जाऊ देऊ नये, पोटात घेऊ नये, तान्ह्या बाळाला लावू नये. हवा लागून जुने झालेले तेल ताज्यापेक्षा अधिक त्रास देते, म्हणून ते गडद रंगाच्या बाटलीत, घट्ट बूच लावून ठेवतात.