लिंडा बर्नी
ऑस्ट्रेलियाच्या संसदेतील कनिष्ठ सभागृहात निवडून गेलेल्या पहिल्या आदिवासी महिला. जन्म १९५७ मध्ये न्यू साउथ वेल्समधील व्हिटन या खेड्यात, विराजुरी समाजात. वृद्ध नातलगांनी त्यांचा सांभाळ केला. आदिवासींना देशाच्या लोकसंख्येत न मोजण्याची राज्यघटनेतील तरतूद १९६७ च्या सार्वमताने रद्द झाली, तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. आपला समाज अश्मयुगीन माणसाच्या सर्वांत जवळचा, असे त्यांना शाळेत शिकविण्यात आले. हा सल पुढे त्यांच्या कार्याची प्रेरणा ठरला.

अध्यापनाची पदविका घेऊन १९७९ मध्ये त्या पश्चिम सिडनीतील प्राथमिक शाळेत रुजू झाल्या. पुढे आदिवासी शिक्षणविषयक धोरणाच्या आखणीत त्यांनी मोलाचा वाटा उचलला. २००३ मध्ये कँटरबरीतून मजूर पक्षातर्फे विजयी होऊन त्या राज्य विधिमंडळातील पहिल्या आदिवासी सदस्य बनल्या. २०१६ मध्ये बार्टनमधून संसदेत पोहोचल्या. २०२२ मध्ये त्यांच्याकडे आदिवासी व्यवहार खाते आले. आदिवासींच्या सल्लागार मंडळाला घटनात्मक स्थान देण्याचा प्रस्ताव मात्र ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात सुमारे ६० टक्के मतदारांनी फेटाळला. २०२४ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले आणि २०२५ ची निवडणूक लढविली नाही.